नेट गेलं? फोन लावण्याआधी डब्यावरचे दिवे वाचा

"मॅडम, लाईट गेलीय."

"काका, मग वायरमनला फोन करा ना."

"अहो, ती लाईट नाही हो. डब्यावरची. हिरवी होती ती गेली आणि लाल लागलीय."

साताऱ्यात एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे मी सहा वर्षं तक्रारीचे फोन घ्यायचे. हा संवाद किती वेळा झाला असेल, देव जाणे. आपल्याकडे विजेलाही लाईट, ट्यूबलाही लाईट आणि राउटरवरच्या मोहरीएवढ्या ठिपक्यालाही लाईटच. म्हणून या लेखात त्या ठिपक्यांना मी सरळ 'दिवे' म्हणणार आहे.

हे दिवे वाचायला इंजिनीअर असावं लागत नाही. नेट तुमच्या घरात येतं ते टप्प्याटप्प्यानं: आधी डब्याला वीज मिळते, मग बाहेरून काचेच्या तारेतून प्रकाश येतो, मग कंपनीचं मोठं यंत्र तुमच्या डब्याला ओळखतं, मग इंटरनेट सुरू होतं आणि शेवटी ते घरातल्या मोबाइल-टीव्हीपर्यंत पोचतं. प्रत्येक टप्प्याला एक दिवा. वाचायचा क्रमही हाच. जो पहिला दिवा बिघडलेला दिसेल तिथेच थांबायचं, पुढचे बघायचेच नाहीत. एलओएस म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश हरवल्याचं सांगणारा दिवा. लोक सांगायचे, "एलओएस लाल आहे, शिवाय इंटरनेटचाही गेलाय, फोनचाही बंद आहे." तीन बिघाड नसतात ते. धरणाचा दरवाजाच बंद असेल तर पुढचे सगळे पाट कोरडेच राहणार.

आधी डबा ओळखा

फायबर कनेक्शन असेल तर खिडकीच्या फटीतून किंवा भिंतीच्या भोकातून एक काळी वायर घरात येते, एका छोट्या डबीत शिरते आणि तिथून आणखी बारीक, पिवळी किंवा पांढरी वायर निघते. तिच्या टोकाला चौकोनी प्लास्टिकचा, बहुतेक ठिकाणी हिरवा, प्लग असतो. तो प्लग ज्या डब्यात घुसलाय तो ओएनटी. कुणी त्याला ओएनयू म्हणतं, कुणी मोडेम. आमचे लाईनमन नुसतं 'डिव्हाईस' म्हणायचे.

काही घरांत हाच डबा वायफायही देतो. काहींकडे ओएनटी वेगळा, आणि त्यातून लॅन केबल निघून दुसऱ्या राउटरला गेलेली असते. दोन डबे असतील तर आधी हे नक्की करा, की तुम्ही कुठल्या डब्याकडे बघताय. एका आजींना मी वीस मिनिटं एलओएस नावाचा दिवा शोधायला लावलं होतं. त्या बिचाऱ्या टीव्हीच्या सेट टॉप बॉक्ससमोर बसून शोधत होत्या. चूक माझी, मी विचारलंच नव्हतं.

आता एक काम आजच करा, नेट नीट चालू असताना. डब्याचा समोरून दहा सेकंदांचा व्हिडिओ घेऊन ठेवा. फोटो नको, कारण दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे हे फोटोत कळत नाही. मागच्या आणि खालच्या बाजूचे मात्र फोटो घ्या: कुठली वायर कुठे लागलीय आणि स्टिकरवरचा सिरियल नंबर काय, हे त्यात येतं. हुआवे, नोकिया, झेडटीई, सिरोटेक, नेटलिंक अशा प्रत्येकाच्या डब्याची सवय थोडी वेगळी. एखाद्याचा इंटरनेटचा दिवा कायम लुकलुकतो, एखाद्याचा फोनचा दिवा जन्मात लागत नाही, कारण तुम्ही लँडलाइन घेतलेलीच नसते. तुमचा डबा धडधाकट असताना कसा दिसतो हे माहीत असलं, की अर्धं निदान झालंच. (तो स्टिकरचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. त्यावर वायफायचा पासवर्ड असतो.)

पॉवर: सगळ्यात सोपा, तरी सगळ्यात जास्त फसवणारा

पॉवरचा दिवा स्थिर हवा. तो बंद असेल तर घरात वीज आहे का, बोर्डाचं बटण चालू आहे का, हे बघून झाल्यावर डब्याच्या पाठीमागे हात घाला. बऱ्याच डब्यांना मागे दाबायचं छोटं चालू-बंद बटण असतं आणि ते घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या बोटाला बरोबर सापडतं.

त्यानंतर ॲडॉप्टर. बहुतेक ओएनटी आणि राउटर १२ व्होल्टवर चालतात. पण टेबलामागे त्याच जाडीचे, त्याच काळ्या रंगाचे आणखी दोन-तीन ॲडॉप्टर लोंबत असतात: सेट टॉप बॉक्सचा, कॅमेऱ्याचा, कधी जुन्या राउटरचा. दिवाळीच्या साफसफाईनंतर आमच्याकडे तक्रारींचा पूर यायचा तो यामुळेच. सगळं काढलं, पुसलं, परत लावलं आणि जोड्या बदलल्या. ॲडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा डब्यावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा जास्त असला तर चालतो, कमी चालत नाही. कमी अँपिअरचा लावला तर गंमत होते. पॉवरचा दिवा लागतो, डबा सुरू होतो आणि वायफायचा भार आला की धापा टाकून परत बंद पडतो, परत सुरू होतो. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा पेटताना दिसले तर ॲडॉप्टर संपत आलाय असं समजा. सहा वर्षांत मी डब्यांपेक्षा ॲडॉप्टर बदलायलाच जास्त सांगितलं.

आणखी एक. काही डब्यांना 'एलईडी' नावाचं बटण असतं. ते दाबलं की रात्री डोळ्यांत येऊ नये म्हणून सगळे दिवे विझतात, नेट मात्र चालू असतं. नेट चालतंय आणि दिवे गेलेत, अशी तक्रार असेल तर करू नका.

पॉन आणि एलओएस: ही जोडी एकत्रच वाचायची

इथे जरा थांबू या. ऐंशी टक्के समजून घ्यायचं ते इथेच आहे.

कंपनीच्या ऑफिसात किंवा एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचं यंत्र असतं. ते काचेच्या तारेतून प्रकाश सोडतं. वाटेत खांबावर किंवा इमारतीच्या जिन्याखाली एक स्प्लिटर असतो, तो त्या एका प्रकाशाच्या ३२ किंवा ६४ वाटण्या करतो. त्यातली एक वाटणी तुमची. या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणूनच याला 'पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क' म्हणतात. 'पॉन' हे त्याचंच छोटं रूप. याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. गल्लीतली वीज गेली आणि तुमच्या डब्याला इन्व्हर्टर असला, तर नेट चालूच राहू शकतं, कारण तुमचं घर आणि एक्स्चेंज यांच्यामध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं.

पॉनचा दिवा सांगतो, की ओएलटीनं तुमच्या डब्याला ओळखलं आणि दोघांचं बोलणं सुरू आहे. एलओएस म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल', प्रकाश हरवला. बाकी सगळे दिवे लागलेले बरे. हा एकटा विझलेला बरा. "एलओएसची लाईट लागतच नाहीये, माणूस पाठवा," असाही फोन मी घेतलाय.

या दोघांच्या जोड्या अशा:

- पॉन स्थिर हिरवा, एलओएस बंद: रस्ता उत्तम. पुढच्या दिव्याकडे जा.
- पॉन बंद, एलओएस लाल: प्रकाश येतच नाही, किंवा डब्याला दिसू नये इतका मंद येतोय.
- पॉन लुकलुकतोय, एलओएस बंद: प्रकाश येतोय, पण ओळख पटत नाही.
- दोन्ही लुकलुकतायत: काठावरचा रुग्ण. बहुतेक वेळा प्रकाश फार दुबळा असतो.

रीस्टार्टनंतर पॉन मिनिटभर लुकलुकणारच. ती त्यांची ओळखपरेड चाललेली असते. पाच मिनिटं झाली तरी लुकलुक थांबली नाही, तर मात्र काहीतरी बिनसलंय.

एलओएस लाल झाला तर

सगळ्यात आधी एक ताकीद. हिरवा प्लग काढून त्याच्या तोंडात डोकावून बघू नका. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. काही दिसलं नाही म्हणजे काही येत नाही, असं नाही.

आता वायर बघा. ज्या काचेतून तुमचा सगळा पसारा जातो, तिचा मधला भाग, ज्यातून प्रकाश धावतो, तो फक्त ९ मायक्रॉनचा असतो. त्याच्याभोवतीची काच धरली तरी जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे केसाहून थोडीशीच जाड. ही काच हलक्या वळणाला तक्रार करत नाही, पण काटकोनात मोडली की प्रकाश त्या वळणातून बाहेर सांडतो. घरातल्या एलओएसची कारणं मला तोंडपाठ आहेत: कपाट मागे सरकवलं आणि वायर दबली. खिडकी घट्ट लावली. रंगकाम करणाऱ्यांनी वायर वर गुंडाळून ठेवली. टापटिपीची आवड असलेल्या एका गृहस्थांनी उरलेली वायर खिळ्याभोवती राखीच्या दोऱ्यासारखी घट्ट वेटोळी घालून बसवली होती. दिसायला फार सुंदर होतं, नेट मात्र शून्य. ती वेटोळी सोडून वाटीच्या तोंडाएवढी सैल गोलाई केली आणि एलओएस विझला. लाईनमन जायची गरजच पडली नाही.

वायर कुठे दबलेली नसेल तर हिरवा प्लग तपासा. साफसफाईत तो अर्धवट बाहेर आलेला असतो. वायर न ओढता प्लॅस्टिकच धरून हळू आत ढकला. बारीक 'टक' आवाज येतो. प्लग काढायची वेळ आलीच तर पुढच्या पांढऱ्या टोकाला बोट लावू नका. साडीच्या पदरानं पुसू नका, फुंकर तर मुळीच नको. नऊ मायक्रॉनच्या वाटेत तुमच्या बोटाचा तेलकट ठसा म्हणजे घाटात कोसळलेली दरड. आणि हिरव्या प्लगच्या जागी निळा प्लग लावायचा नाही. दिसायला सारखेच, पण हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

एवढं करूनही दिवा लालच असेल तर बिघाड घराबाहेर आहे. शेजाऱ्यांना विचारा. त्याच कंपनीचं नेट त्यांचंही गेलं असेल, तर मोठी केबल तुटलीय: गटाराच्या कामात जेसीबी लागला असेल, गणपतीच्या मांडवाचा बांबू रोवला असेल, वळवाच्या पावसात फांदी पडली असेल. अशा वेळी डबा दहादा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. फक्त तुमचंच गेलं असेल, तर खांबापासून घरापर्यंतची वायर किंवा तिचा जोड गेलाय. त्यासाठी माणूसच यावा लागतो.

तो आला की त्याच्या हातात पेनसारखं एक यंत्र असेल. त्यातून तो वायरमध्ये भडक लाल प्रकाश सोडतो. हा ६५० नॅनोमीटरचा, त्यामुळे डोळ्याला दिसतो. वायर जिथे मोडली असेल तिथे आवरणातून लालबुंद ठिणगीसारखा ठिपका चमकतो. अंधाऱ्या जिन्यात हे बघण्यासारखं असतं. फक्त टोकात थेट बघू नका. मग तो काच कापेल, दोन्ही टोकं छोट्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवून विजेच्या ठिणगीनं वितळवून जोडेल. याला स्प्लायसिंग म्हणतात. कापलेल्या काचेचे तुकडे मात्र त्याला गोळा करून न्यायला सांगा. फरशीवर पडले तर दिसत नाहीत, आणि रांगणाऱ्या मुलाच्या तळहातात गेले तर काढता काढता नाकी नऊ येतात.

पॉन लुकलुकतच राहिला तर

प्रकाश येतोय, पण ओएलटी म्हणतंय, "आपण कोण?" याचं नेहमीचं कारण म्हणजे डबा बदललाय. प्रत्येक ओएनटीचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रात नोंदवलेला असतो. मेहुण्याच्या घरचा जुना डबा आणून लावला, किंवा बाजारातून नवा आणला, तर तो नोंदवल्याशिवाय चालत नाही. इथे तुम्ही काहीच करू शकत नाही. स्टिकरवरचा नंबर फोनवर सांगायचा, बस्स. तोच जुना डबा असेल आणि तरीही पॉन लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा प्रकाश काठावर आलाय. त्याबद्दल शेवटी सांगते.

क्वचित एक विचित्र प्रकार होतो. एकाच स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांनी आपापल्या ठरलेल्या क्षणीच बोलायचं, असा नियम असतो. एखाद्या घरातला डबा बिघडतो आणि अखंड बडबडत सुटतो. मग त्याच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचे पॉन लुकलुकायला लागतात. ग्रामसभेत एकानं माईक सोडलाच नाही तर बाकीच्यांचं जे होतं, तेच. एकेका घरचा प्लग काढत काढत तो डबा शोधावा लागतो, तेव्हा लाईनमननं तुमचं चालू नेट दोन मिनिटं बंद केलं तर त्याच्यावर ओरडू नका.

इंटरनेटचा दिवा

पॉन हिरवा, एलओएस बंद, आणि इंटरनेट बंद किंवा लाल. रस्ता ठीक आहे, फाटकावर अडवलंय. पहिला प्रश्न थोडा अवघड वाटेल, पण विचारावाच लागतो: रिचार्ज संपला का? पैसे भरल्यावर डबा एकदा बंद करून मिनिटभरानं चालू करा. बऱ्याचदा तेवढ्यानंच दिवा लागतो.

पैसे भरलेले असतील तर युजरनेम-पासवर्ड. बऱ्याच कंपन्यांत डबा दर वेळी सुरू होताना ही जोडी सांगूनच आत शिरतो, आणि ती डब्याच्या आत साठवलेली असते. म्हणूनच मागच्या त्या बारीक भोकातल्या 'रीसेट' बटणाला टाचणी लावू नका. रीस्टार्ट म्हणजे डुलकी काढून उठणं. रीसेट म्हणजे स्मृती जाणं. युट्यूबवर कुणीतरी सांगितलं म्हणून दहा सेकंद टाचणी दाबून धरायची, आणि मग पॉन हिरवा, वायफाय हिरवा, पण इंटरनेट कायमचं लाल. किरकोळ बिघाडाचा दोन दिवसांचा बिघाड असा होतो.

दोन डब्यांच्या घरात ओएनटीवरचा इंटरनेट दिवा कायम बंदच दिसू शकतो, कारण लॉगिन करायचं काम मागच्या राउटरकडे दिलेलं असतं. तिथे राउटरवरचा दिवा बघायचा. म्हणून म्हटलं, चालू असतानाचा व्हिडिओ जवळ ठेवा.

लॅन

लॅन १, लॅन २ असे दिवे केबल लावलेल्या खोबणीचेच लागतात. वर्दळ असली की लुकलुकतात आणि ते चांगलंच असतं. 'लाईट फडफडतेय' म्हणून घाबरायचं कारण नाही. केबल लावलीय, पलीकडचं यंत्र चालू आहे, आणि तरी दिवा बंद असेल, तर केबल दुसऱ्या खोबणीत लावून बघा. तिथे लागला तर खोबण गेली. तिथेही नाही लागला तर केबल गेली.

एक खास दुखणं. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण केबलवर कितीही मोजा, ९५ च्या पुढे काटा जात नाही. दिवा मात्र छान हिरवा. लॅन केबलच्या पोटात आठ तारा असतात. १०० एमबीपीएससाठी त्यातल्या चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उंदरानं एक कुरतडली किंवा जॅक घालताना एक नीट बसली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं गुपचूप चार तारांवर समझोता करतात. काही डब्यांवर वेग बदलला की दिव्याचा रंग बदलतो, बऱ्याच डब्यांवर तेवढंही कळत नाही.

वायफाय

२.४ आणि ५ (गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायच्या दोन लहरी) असे दोन दिवे असतात. ते लागलेत याचा अर्थ एवढाच की डबा रेडिओ लहरी सोडतोय. त्या लहरींवर इंटरनेट आहे की नाही, याचा इथे काहीही संबंध नाही. मोबाइलवर वायफायच्या चारही काड्या दिसतात, मग नेट का नाही, हा प्रश्न इथूनच येतो. त्या काड्या मोबाइल ते डबा एवढंच अंतर मोजतात.

२.४ लांब पोचतो, भिंतीतून जातो, पण गर्दीचा. ५ वेगवान, पण भिंत आली की दमतो. कोकणातली जांभ्याची भिंत किंवा जुन्या वाड्याची दीड-दोन फुटांची भिंत असेल, तर मागच्या खोलीत २.४ वरच भिस्त ठेवा. दोन्हींपैकी एक दिवा अचानक कायमचा विझला, तर कुणीतरी चुकून वायफायचं बटण दाबलंय का बघा. डब्लूपीएसचा (पासवर्ड न टाकता यंत्र जोडायच्या सोयीचा) दिवा बटण दाबल्यावर दोन मिनिटं लुकलुकतो आणि आपोआप थांबतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

सगळे दिवे हिरवे, तरी नेट नाही

सगळ्यात डोकं खाणारा प्रकार हाच. आधी बघा, एकाच मोबाइलवर जातंय की सगळ्यांवर. एकावरच असेल तर मोबाइलमधलं वायफाय 'विसरा' करून परत जोडा. सगळ्यांवर असेल तर लॅपटॉप केबलनं थेट ओएनटीला लावून बघा. तिथे चाललं तर दोष वायफायचा किंवा मधल्या राउटरचा. तिथेही नाही चाललं तर दोष कंपनीच्या पलीकडचा, तो दिव्यांना दिसत नाही. दिवे रस्ता आहे एवढंच सांगतात, रस्त्यावर कोंडी किती आहे ते सांगत नाहीत.

रीस्टार्ट करायचा तर तोही नीट करा. पॉवरचं बटण बंद, साठपर्यंत मोजा, आधी ओएनटी चालू. त्याचा पॉन स्थिर झाला की मगच राउटर. दोन्ही एकदम चालू केले तर राउटर आधी जागा होतो, समोर कुणी नाही असं बघून रुसून बसतो.

वीज कडाडली तर

काचेच्या तारेतून वीज येत नाही, हे खरं. पण ती वायर खांबावरून ताणून आणायला तिच्यात बऱ्याचदा पोलादी तार घातलेली असते, ॲडॉप्टर घरच्या विजेवर असतो आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याकडे गेलेली लांब लॅन केबल तर सरळ तांब्याची. मे-जूनमध्ये गडगडाटानंतर 'तीन खोबणी चालतात, एक मेली' अशा तक्रारी यायच्या, आणि मेलेली खोबण बहुतेक वेळा कॅमेऱ्याचीच असायची. ढग जमले की ॲडॉप्टर आणि ती लांब केबल काढून ठेवा. रोजच्या वीजजाण्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. वीज गेल्यावर आल्यावर डब्याला बसणारे धक्केही त्यानं टळतात.

याच विषयातली एक गंमत. वीज जाताना ओएनटी मरता मरता ओएलटीला एक शेवटचा निरोप धाडतो: माझी वीज गेली. वायर तुटली तर तो निरोप येत नाही, नुसतंच गप्प होतं. त्यामुळे ऑफिसात बसून आम्हाला कळायचं, की तुमच्याकडे वायर तुटलीय की तुमच्या नातवानं बटण बंद केलंय. "मी हातसुद्धा लावला नाही हो," असं ठणकावून सांगणाऱ्या एका सरांना मी हे शेवटपर्यंत बोलले नाही.

तुमच्याकडे फायबर नसेल तर

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड काही घरांत अजून आहे. बीएसएनएलनं ते २००५ मध्ये 'डेटावन' नावानं आणलं होतं. तिथे पॉन-एलओएसच्या जागी डीएसएल हा एकच दिवा. तो स्थिर हवा. लुकलुकत असेल तर टेलिफोन उचलून कानाला लावा. खरखर ऐकू आली तर तारेत पाणी शिरलंय. २०२३ च्या गणेश चतुर्थीला जिओनं एअरफायबर सुरू केलं, पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि पुणे होतं. त्यात घरापर्यंत वायरच येत नाही. बाहेर लावलेला डबा टॉवरकडून ५-जी घेतो, त्यामुळे तिथे सिग्नलचा दिवा बघायचा, आणि समोर नवी इमारत उभी राहतेय का तेही.

फोनवर काय सांगायचं

"नेट चालत नाही" एवढ्यानं समोरच्याला काही कळत नाही. असं सांगा: "पॉवर हिरवा स्थिर, पॉन बंद, एलओएस लाल लुकलुकतोय. सकाळी सातपासून. प्लग घट्ट आहे, वायर कुठे दबलेली नाही. शेजारच्यांचं चालू आहे." एवढं ऐकलं की पलीकडचा माणूस ते नेहमीचं 'डबा बंद करून चालू करा' न म्हणता सरळ लाईनमनच्या यादीत तुमचं नाव घालतो. तक्रारीचा नंबर मागून घ्या.

लाईनमन आला, काम झालं, की त्याला विचारा, "पॉवर किती आली?" त्याच्या मीटरवर उणे आकडा दिसतो, म्हणजे 'मायनस २१' वगैरे. मायनस १५ ते २४ च्या आसपास असला तर उत्तम. २७ हा साधारण काठ. तिथे डब्याला मिळणारा प्रकाश एका मिलिवॅटच्या पाचशेव्या भागाइतकाच उरलेला असतो. त्यापलीकडे पॉन लुकलुकायला लागतो आणि पाऊस-ऊन बदललं की नेट जातं-येतं. दर ३ नी आकडा खाली गेला की प्रकाश निम्मा झाला, असा हिशेब. म्हणजे २१ चा २४ झाला तर 'तीननंच तर वाढलाय' असं म्हणू नका.

हा आकडा तुम्हालाही घरबसल्या बघता येतो. डब्याच्या वायफायवर असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. काही डब्यांचा पत्ता वेगळा असतो, तो स्टिकरवर लिहिलेला सापडतो. आत 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन' नावाच्या पानावर 'आरएक्स पॉवर' शोधा. फक्त बघा, काही बदलू नका. आणि लाईनमन जायच्या आधी त्याच्याकडूनच पेन मागून घेऊन डब्याच्या पोटावर, स्टिकरच्या शेजारी, तो आकडा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी एलओएस लाल झाला की त्याच्याशी पडताळायचं.